पाबळचे डॉ. कलबाग: हातांनी शिकायचं म्हणजे नक्की काय?

पाटीपेन्सिल

पाबळला गेलो होतो ते मस्तानीची समाधी बघायला. पुण्याहून साधारण ७० किलोमीटर, शिरूर तालुका. पेशवाईत हे गाव तिच्याकडे इनाम होतं, यापलीकडे मला पाबळबद्दल काही ठाऊक नव्हतं. समाधी बघून झाली, चहा प्यायलो, तर टपरीवाल्याने विचारलं, "आश्रम बघितला का?" मला वाटलं, कुठले तरी बाबा असणार. म्हटलं, आम्ही त्यातले नाही. तो हसला. "तिथं बाबा नाय, वेल्डिंग मशीन हाय."

मग गेलोच. विज्ञान आश्रम. आवारात फेरोसिमेंटचे (जाळीवर सिमेंट लिंपून केलेले) घुमट, उपडी वाटी ठेवावी तसे. शेडमध्ये पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी तोंडासमोर काळी काच धरून अँगल जोडत होती. बाजूला एक मुलगा वहीत हिशेब मांडत बसला होता: लोखंड किती किलो, वेल्डिंग रॉड किती गेले, वीज किती, मजुरी किती. मी विचारलं, "हे कशासाठी?" तर म्हणाला, "गेट आहे. गावातल्या एकांची ऑर्डर आहे. किंमत मीच सांगणार, मग चुकून कसं चालेल?"

घरी येऊन हे सगळं सुरू करणाऱ्या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं, दोन-तीन जुन्या माणसांशी बोललो. ते इथे टाकतोय. जाणकारांनी भर घालावी.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग. जन्म १९२८. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी. परत आल्यावर मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत, नंतर मुंबईला हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात. म्हणजे हुद्दा, पगार, मुंबईत बस्तान, काही कमी नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर, १९८२ मध्ये, मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि पुढच्या वर्षी पत्नी मीराताईंसह पाबळला मुक्काम हलवला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या पुण्याच्या संस्थेचं केंद्र म्हणून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू झाला.

पाबळच का? पर्जन्यछायेतलं कोरडं गाव, ना मोठी बाजारपेठ ना कारखाना. आणि नेमकं हेच त्यांना हवं होतं. जे पाबळला चालेल ते कुठेही चालेल, हा शास्त्रज्ञाचा हिशेब. प्रयोग सोप्या जागी करून वाहवा मिळवायची नाही.

प्रश्न त्यांनी साधाच घेतला. खेड्यातली मुलं शाळा का सोडतात? गरिबी हे आपलं ठरलेलं उत्तर. कलबागांचं म्हणणं असं, की गरिबी आहेच, पण शाळेत जे चालतं त्याचा मुलाच्या जगण्याशी कुठे सांधाच जुळत नाही, हेही तेवढंच खरं. तेच पोरगं घरी मोटर दुरुस्त करतं, गाईचं बाळंतपण उरकतं, आणि शाळेत 'ढ'. माणूस लाखो वर्षं करत करत, बघत बघत, चुकत चुकत शिकत आला. बाकावर बसून ऐकत शिकणं ही अलीकडची सोय. हात चालले की डोकं चालतं, हे त्यांनी सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं नाही, त्याचं वेळापत्रक केलं.

ते असं. आठवी ते दहावी, साध्या हायस्कुलातच, आठवड्यातला एक दिवस कामाचा. विषयाचं नाव 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे आयबीटी म्हणतात. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. प्रत्येक मुलाने चारही करायचे, निवड नाही. शिकवायला पदवीवाला नको, काम येणारा माणूस हवा, शक्यतो गावातलाच. आणि केलेलं काम कपाटात ठेवायचं नाही. गावाला ते सेवा म्हणून द्यायचं आणि पैसे घ्यायचे. पुढे माध्यमिक मंडळाने या विषयाला मान्यता दिली. शाळा सोडलेल्या मुलांसाठी आश्रमातच वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम निघाला, तोही राष्ट्रीय मुक्त शाळेने मानला.

या मुलांच्या हातून काय काय झालं ती यादी गमतीची आहे. विहीर कुठे खणावी हे ठरवायला जमिनीचा विद्युतरोध मोजणारं यंत्र. जुन्या जीपचे भाग जुळवून केलेला छोटा ट्रॅक्टर, नाव 'मेकबुल', म्हणजे यांत्रिक बैल. फेरोसिमेंटच्या टाक्या, ते घुमट, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं.

२००३ मध्ये कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

माझा प्रश्न. हे आपण सगळे 'वा वा' म्हणून वाचतो. मग गेल्या चाळीस वर्षांत आपल्या मुलांच्या शाळेत का नाही आलं?

तिरफळ

वाचतेय. पुढच्या लेखनाला शुभेच्छा. "बाबा नाय, वेल्डिंग मशीन हाय" हे आवडलं.

दगडवाडीकर

माणूस मोठा होता, वाद नाही. पण पोटातलं बोलतो, राग मानू नका.

माझे आजोबा सुतार. बलुत्यावर अख्ख्या गावाचे नांगर, कुळव, दारं-चौकटी केल्या. धान्य मिळायचं खळ्यावर, तेही मागं उभं राहून. त्यांनी माझ्या वडिलांना शाळेत घालताना एकच सांगितलं होतं, "वाकसाला हात लावलास तर हात मोडीन." वडील क्लार्क झाले, मी इंजिनिअर. आमच्या घरात वही आली ती हातातलं हत्यार सुटावं म्हणून. आणि आता शहरातून शिकलेली माणसं खेड्यात येऊन सांगणार, की हातात हत्यार घ्या, त्यात फार शिक्षण आहे? तुमची पोरं आयआयटीच्या क्लासला आणि आमची वेल्डिंगला?

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी हेच केलं होतं. शाळा अर्धा वेळ, उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे लोकांनी बरोबर ओळखलं. गदारोळ झाला आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गुंडाळली गेली. हातकामाचं कौतुक करताना हा इतिहास विसरू नका एवढंच.

धांदरट

+१. धाग्याचा काश्मीर होण्याआधी हजेरी लावून ठेवतो.

पाटीपेन्सिल

दगडवाडीकर, राग कसला. हाच आक्षेप यायला हवा होता.

पण राजाजींच्या योजनेत आणि पाबळच्या योजनेत एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळं त्या फरकातच आहे. तिथे मूल *घरचा* धंदा शिकणार होतं. इथे घरचा सोडून बाकीचेही शिकतं. सुताराचं पोर बोटाला सुई टोचून रक्त तपासतं, पाटलाचं पोर बायोगॅससाठी शेण कालवतं, आणि मुलगी वेल्डिंग करते. चारही विभाग सक्तीचे ठेवले ते म्हणूनच असावेत असं मला वाटतं. जन्माने ठरलेल्या धंद्याची सांगड मोडायची असेल तर कामापासून पळून ती मोडत नाही. सगळ्यांना सगळी कामं वाटावी लागतात.

दुसरं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही सांगितलंय. मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आणि सोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे. कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या पहिल्या माणसाने शेती अभ्यासक्रमात घाला म्हटलं होतं, वगळा म्हटलं नव्हतं.

आयबीटीवाला

सदस्य होऊन सहा वर्षं झाली, आजवर फक्त वाचत होतो. हा धागा बघून राहवलं नाही.

मी पाबळचा नाही. आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात आयबीटी होतं, तिथला. आमचे निदेशक, म्हणजे काम शिकवणारे, मुळात गवंडी. बारावीही नव्हते. आम्ही 'सर' म्हणायचो, तर हेडमास्तरांना ते जरा खटकायचं.

नववीत असताना गावातल्या एका मावशींची १००० लिटरच्या टाकीची ऑर्डर आली. फेरोसिमेंटची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जाळीचा सांगाडा उभा करायचा, त्यावर कोंबडी जाळी गुंडाळायची, आणि आतून-बाहेरून सिमेंट-वाळूचा माल दाबून भरायचा. भिंत जेमतेम इंचभर जाड. स्वस्तात होते, पण हातकाम चोख लागतं.

माप आम्हीच काढलं. व्यास १ मीटर २० सेंटिमीटर, उंची ९० सेंटिमीटर. वर्गात गणिताच्या तासाला सूत्र पाठ होतं, त्यात घातलं, १०१८ लिटर आलं. एकदम खूश. मग जाळी कापायची वेळ आली. परीघ किती? आमच्यातला एक म्हणाला, व्यासाच्या तिप्पट. दुसरा म्हणाला, तिप्पट आणि वर थोडं. "थोडं म्हणजे?" "थोडं म्हणजे थोडं." कापली ३ मीटर ६० ला.

सर तिथेच तंबाखू मळत बसले होते. बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

तळाला खडूने वर्तुळ आखलेलं होतं. त्यावर जाळी उभी केली तर टोकाला टोक लागेना. ओढतोय, दाबतोय, वितीएवढी फट राहतेच. शिवाय जोडावर जाळी १० सेंटिमीटर तरी एकमेकींवर चढली पाहिजे, नाहीतर पाण्याच्या दाबाने तिथेच फुटणार. म्हणजे लागणार होती ३ मीटर ८७, आणि आमच्या हातात ३.६०. नवीन जाळी आणायची तर तालुक्याला जायला हवं, आणि ते पैसे आमच्या खात्यातून जाणार.

मग ठरवलं, वर्तुळ बारीक करू. जोड धरून व्यास भरला १ मीटर ११. ९ सेंटिमीटरने काय फरक पडतो? टाकी झाली, पंधरा दिवस ओली पोती घालून पाणी मारलं, बैलगाडीतून पोचवली.

मावशी अंगठेबहाद्दर. पण त्यांच्याकडे १५ लिटरची बादली होती, आणि टाकी १००० ची म्हणून पैसे ठरले होते. त्यांनी मोजत मोजत टाकी भरायला घेतली. आम्ही चौघं बाजूला उभे. एकोणसाठाव्या बादलीला पाणी काठावरून सांडलं. त्या म्हणाल्या, "हजाराला सदुसष्ट लागतात रं बाबांनो." आणि ठरल्यातले १५० रुपये कापून दिले.

परत आल्यावर सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आता मांडा." मांडलं. ८७७ लिटर, भिंतीची जाडी सोडून दिली तरी. व्यास ९ सेंटिमीटर कमी, पाणी १४१ लिटर कमी, कारण क्षेत्रफळात त्रिज्या दोनदा गुणली जाते. हे सूत्र मी सातवीपासून म्हणत होतो. पाय (π) म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पाय म्हणजे १५० रुपये.

सरांना मी नंतर विचारलं, कापतानाच का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. शिकला नसतास."

आज मी पाण्याच्या पंपांचं दुकान चालवतो, तीन माणसं कामाला आहेत. दगडवाडीकर साहेब, तुमचं बोलणं मला झोंबलं नाही, पटलंसुद्धा. पण आमच्या वर्गातला जो 'तिप्पट' म्हणाला होता तो आता सीए आहे. वेल्डिंगला गेलेला नाही कोणी.

तिरफळ

@आयबीटीवाला, पाय म्हणजे १५० रुपये! हा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

घंटाझाली

आयबीटीवाल्यांचा प्रतिसाद वाचून पाणी आलं डोळ्यात, आणि मग रागही आला. मी निवृत्त मुख्याध्यापिका. पाटीपेन्सिल यांनी विचारलंय, का नाही आलं? मी सांगते.

आधी एक जुनी गोष्ट. कोठारी आयोग, १९६४ ते ६६. त्याने 'कार्यानुभव' हा शब्द दिला: प्रत्येक मुलाने शाळेत उत्पादक काम करावं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. कलबागांचा आश्रम ज्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनखाली उभा राहिला, ती यांचीच संस्था. म्हणजे कल्पना एका घरातली. एका खोलीत तिचं पाबळ झालं, आणि दुसऱ्या खोलीत काय झालं? आईस्क्रीमच्या काड्यांचं घर.

आठवा तुमचा कार्यानुभवाचा तास. स्टेशनरीच्या दुकानात तयार तोरणं मिळायची, 'कार्यानुभवासाठी' म्हणून वेगळी टांगलेली. आई आणायची, मूल नाव लिहायचं, मी श्रेणी द्यायची. मीच दिल्यात, हजारो 'अ' श्रेणी. तपासणीला साहेब यायचे ते वस्तू मांडलेल्या टेबलाचा फोटो काढून जायचे. त्या वस्तूंचं पुढे काय होतं हे कोणी विचारायचं नाही, कारण त्या कोणाला नकोच असायच्या.

माझ्या एका शाळेत खरं काम सुरू करायचा मी प्रयत्न केला होता. पहिली अडचण यंत्रांच्या पैशाची नव्हती, विश्वास ठेवा. यंत्रं देणगीतून मिळाली. अडचण ही, की दरमहा संपणाऱ्या वस्तूंना देणगी मिळत नाही. वेल्डिंग रॉड, सिमेंट, तपासणीची रसायनं. यंत्रावर दात्याचं नाव लिहिता येतं, रॉडवर कसं लिहिणार? दुसरी अडचण निदेशकाचं मानधन. उशिरा येणार, तेही तुटपुंजं. चांगला गवंडी बाहेर दिवसाला त्याहून जास्त कमावतो. तो शाळेत का टिकेल? म्हणून कलबागांनी जी युक्ती केली, निदेशकाने आपला धंदाही चालवावा आणि मुलांनी सेवेचे पैसे आणावेत, ती अशी मुळालाच हात घालणारी होती. पण सरकारी चौकटीत शाळेच्या शेडमध्ये गेट बनवून विकायचं म्हटलं, की ऑडिटवाले विचारतात, हे पैसे कोणत्या शीर्षकाखाली?

तिसरी अडचण पालक. दहावी जवळ आली की "बाई, तो कामाचा दिवस बंद करा, गणिताचा ज्यादा तास घ्या." आणि मी घेतला. हेही लिहून ठेवते.

सूत_कताई

नाईकांचा उल्लेख झालाय तर अजून मागे जातो. ऑक्टोबर १९३७, वर्धा. गांधीजींनी बोलावलेली शिक्षण परिषद, मग झाकीर हुसेन समिती, आणि त्यातून नई तालीम. हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण, सात वर्षं, मातृभाषेतून. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ते चालवून दाखवलं.

माझे एक चुलते त्या वाऱ्यात वाढलेले. ते सांगायचे, टकलीवर सूत काढता काढता कापूस कुठे पिकतो तो भूगोल, कंपनी सरकारने विणकरांचं काय केलं तो इतिहास, तारेची लांबी मोजताना गणित. चांगला शिक्षक असला की सोनं, नसला की नुसती टकली. आणि बहुतेक शाळांत नुसती टकलीच उरली.

माझं मत, कोणाला पटो न पटो: कलबाग नई तालीमच करत होते, पण त्यांनी तिच्यातली एक खोच काढून टाकली. एकच उद्योग धरला की तो कर्मकांड होतो. त्यांनी चार विभाग धरले, आणि काय करायचं ते गावाच्या गरजेवर सोडलं. गावाला टाकी हवी तर टाकी, पाणी शोधायचं तर ते यंत्र. गिऱ्हाईक बदललं की अभ्यास बदलतो. टकलीला गिऱ्हाईक नव्हतं. आयबीटीवाल्यांच्या टाकीला मावशी होत्या, बादली घेऊन.

भाऊराव पाटलांनी 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हटलं, कमवा आणि शिका सुरू केलं, तेही आठवतं. पण तिथे काम हा शिक्षणाचा खर्च भागवायचा मार्ग होता. पाबळला काम हेच पुस्तक आहे.

सिएटलकर

थोडी वेगळी भर. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी त्यांच्या विद्यापीठाबाहेर पहिल्या काही 'फॅब लॅब' काढल्या. संगणकावर आराखडा करून यंत्राने कापायची, घडवायची कार्यशाळा. त्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला. एमआयटीनंतर थेट मस्तानीचं गाव! कलबाग तेव्हा हयात होते.

मी अशाच एका प्रयोगशाळेत इथे स्वयंसेवक म्हणून जातो. इथे मुलं किल्लीला लावायची साखळी कापतात, स्वतःचं नाव कोरून. सुंदर होते. घरी जाते, खणात पडते. सूत_कताई यांनी गिऱ्हाईकाबद्दल लिहिलंय ते वाचून पहिल्यांदा लक्षात आलं की आमचं काय चुकतंय. लेझर आहे, मावशी नाहीत.

पुणेरी_आई

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस 'दप्तराविना', स्थानिक कारागिरांकडून शिकायचे, असं आहे. माझ्या लेकीच्या शाळेने राबवलं. ऐका.

आदल्या आठवड्यात निरोप: प्रत्येकी ३५० रुपये पाठवा. मग एक खोका आला. आत लाकडाचे कापून ठेवलेले, क्रमांक घातलेले तुकडे. १ ला २ मध्ये घाला, ३ ला ४ मध्ये. पक्ष्याचं घरटं तयार. वीस मिनिटांत झालं, उरलेला वेळ त्यावर चमकी लावण्यात गेला. मी विचारलं, सुतार आले होते का? तर "व्हिडिओ दाखवला". घरटं बाल्कनीत टांगलंय. भोक एवढं लहान आहे की चिमणीचं डोकं आत जात नाही. आम्ही वाट बघतोय, एखादी सडपातळ चिमणी येईल.

धांदरट

सडपातळ चिमणी =)) =))

घंटाझाली

@पुणेरी_आई, त्या भोकाचं माप मुलीलाच काढायला सांगा. पट्टी घेऊन चिमणी मोजता येत नाही, मग काय करशील, असं विचारा. तुमचे ३५० वसूल होतील.

दगडवाडीकर

सगळं वाचलं. दोन दिवस गप्प होतो, कारण आयबीटीवाल्यांचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. सदुसष्ट बादल्यांना ते हसले. मग म्हणाले, "अण्णा पण असंच करायचे." म्हणजे आजोबा. बाबांनी लपून एकदा चौरंग करायला घेतला होता, पाय वाकडे बसत होते. आजोबा लांबून बघत होते, बोलले नाहीत. संध्याकाळी चौरंग डुगडुगला तेव्हा फक्त काटकोन बघायचा गुण्या पुढे केला. ज्याने हात मोडीन म्हटलं त्यानेच. हे मला आज कळलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

तरी माझी अट कायम आहे. हे शिक्षण खेड्यातल्या, झेडपीच्या, नापासांच्या शाळेसाठी राखीव नको. हिंजवडीच्या, कोथरूडच्या शाळेत आधी सक्तीचं करा. ज्या दिवशी दोन लाख फी भरणारं पोरगं गावातल्या मावशीला टाकी बनवून देईल आणि चुकल्यावर ती त्याचे पैसे कापेल, त्या दिवशी मी बोलायचं थांबवेन.

पाटीपेन्सिल

अट मान्य. आश्रमाच्या नावाबद्दल एक लिहायचं राहिलं होतं, ते इथे बसतं. विज्ञान म्हणजे सत्याचा शोध, आणि आश्रम म्हणजे साधी राहणी आणि जिथे सगळे सारखे ती जागा, असा अर्थ कलबागांनी लावला होता. नाव वाचून मी बाबा शोधत होतो, तो माझा दोष.

बाकी 'का नाही आलं' याचं उत्तर घंटाझाली यांनी इतकं चोख दिलंय, की मला वाटतं पुढचा धागा त्यांनीच काढावा. वेल्डिंग रॉडवर दात्याचं नाव कसं लिहायचं, या विषयावर.

तिरफळ

अवांतर आहे, पण इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. आमच्या गावच्या घरी फेरोसिमेंटची टाकी आहे, वीसेक वर्षांची. खालून हातभर उंचीवर बारीक चीर गेलीय, पाझरते. गवंडी म्हणतो तोडून प्लास्टिकची बसवा. काही होईल का?

आयबीटीवाला

तोडू नका. टाकी रिकामी करून दोन दिवस वाळू द्या. चीर आतल्या बाजूने छिन्नीने उघडा, जाळी दिसेपर्यंत, तोंड रुंद ठेवा. जाळी गंजून तुटली असेल तर तेवढ्यात नवा तुकडा तारेने बांधा, चारी बाजूंनी १० सेंटिमीटर चढवून. जागा ओली करा, घट्ट सिमेंटचं पाणी ब्रशने मारा, ते ओलं असतानाच एकास दोन माल थापीने दाबून भरा. वाळू चाळलेली घ्या. मग ओलं पोतं लावून ठेवा, निदान दहा दिवस. घाई करू नका, सगळी गंमत त्या पोत्यात आहे.

आणि भरताना बादल्या मोजा. वीस वर्षांपूर्वी कोणी किती कापली होती ते कळेल.